होळीत भाजलेला सायलेन्सर

माझ्या सासऱ्यांनी माझ्या गाडीचा सायलेन्सर होळीत भाजला, असं मी कुणाला सांगितलं की ऐकणारा आधी दचकतो. सासरा-सुनेचं चांगलंच वाजलेलं दिसतं, असा भाव त्याच्या चेहऱ्यावर येतो. तसं काही नव्हतं. त्यांनी ते मायेपोटी केलं होतं, आणि ती माया समजायची तर आधी आमच्या मोहल्ल्यातली, रायपूरच्या तात्यापाऱ्यातली, जुनी होळी सांगायला हवी.

मी भंडाऱ्याकडची. लग्न होऊन रायपूरला आले तेव्हा सासरे रेल्वेच्या वर्कशॉपमध्ये फिटर होते. त्यांचे वडील विदर्भातून रेल्वेच्या नोकरीसाठी इकडे आले आणि इथलेच झाले. घरात मराठी, दाराबाहेर हिंदी आणि भाजीवालीशी छत्तीसगढी, अशी आमच्याकडची सगळी व्यवस्था. सासऱ्यांना मी मामाजी म्हणत असे, आमच्या बाजूला तसंच म्हणतात. मामाजी आता नाहीत. असते तर हे मी लिहीत असताना दोनदा येऊन "काय लिहून राहिली?" असं विचारून गेले असते.

बोलायचे ते कमीच. कुणी भेटलं की लोक तब्येत विचारतात, लेकराबाळांचं विचारतात. मामाजी विचारायचे, "गाडी किती देते?" म्हणजे लिटरमागे किती जाते. जावई आला तरी तेच, डॉक्टर आला तरी तेच. आमच्या लग्नाच्या मांडवात त्यांनी माझ्या वडिलांनाही तेच विचारलं होतं, आणि माझ्या वडिलांकडे सायकल होती.

त्या काळातल्या स्कूटरी पेट्रोलमध्ये ऑइल मिसळून चालायच्या. मागून निळा धूर सोडत जायच्या आणि त्या तेलाची काजळी सायलेन्सरच्या आत साचत राहायची. फार साचली की गाडीचा दम कोंडायचा. चढावर कुंथायची, वर पेट्रोलही जास्त प्यायची. मग सायलेन्सर खोलून आगीत भाजायचा, आतली काजळी जळून गेली की गाडी पुन्हा मोकळी. दुसरीकडे लोक हे काम मेकॅनिककडून वर्षात केव्हाही करून घेत. आमच्या गल्लीत मात्र ते होळीवर टाकायची रीत होती. एवढी मोठी आग, तीही फुकट, वर सुट्टीचा दिवस. सोडतं कोण?

धुळवडीच्या सकाळी चौकातल्या ढिगाऱ्यात लालबुंद निखारे असत. एका अंगाला बायका आंघोळीचं पाणी तापवायला गुंड, म्हणजे पितळी हंडे, आणून ठेवत. दुसऱ्या अंगाला पुरुष आपापला सायलेन्सर काखेत मारून उभे. ओळखीसाठी कुणी त्याला तार बांधलेली, कुणी बायकोच्या जुन्या लुगड्याची चिंधी, जी आगीत पहिल्या झटक्यात जळून जायची आणि मग वादावादी व्हायची. मामाजी वर्कशॉपमधली लांब सळई घेऊन मधोमध. कुणाचा आधी, कुणाचा नंतर, ते ठरवत. तेव्हा त्यांच्यासमोर मोठमोठे साहेब लोकही मुकाट्यानं उभे राहत.

धूर निघायचा थांबला की मामाजी सायलेन्सर बाहेर ओढत, वर पाण्याचा शिपका मारत, आणि निवला की मोगरीनं ठोकत. मोगरी सासूबाईंची, धुण्याची. त्या दरवर्षी ती लपवायच्या आणि दरवर्षी मामाजींना ती सापडायची. ठोकलं की आतून काजळीचे पापुद्रेच्या पापुद्रे गळायचे. पोरं ती काजळी खोबरेल तेलात कालवून एकमेकांच्या तोंडाला फासायची. आमच्या गल्लीच्या धुळवडीचा रंग कित्येक वर्षं काळाच होता. शेवटी मामाजी सायलेन्सरची नळी तोंडाला लावून जोरात फुंकर मारत. हवा आरपार गेली की "झाला मोकळा" म्हणून मालकाच्या हातात देत. तोवर त्यांचे स्वतःचे ओठ, मिशा, नाक सगळं काळं झालेलं असे. लग्नानंतरच्या पहिल्या होळीला मी हे सगळं दारात उभी राहून पाहिलं आणि मला खरंच वाटलं की या गावात होळीला सायलेन्सरचा नैवेद्य दाखवतात.

पुढे त्या स्कूटरी गेल्या. नव्या गाड्यांमध्ये ऑइल मिसळायचं काम उरलं नाही, म्हणून काजळीही उरली नाही. घरोघरी गीझर आले, तसं निखाऱ्यांवर पाणी तापवणंही गेलं. मामाजींचे डोळे अधू झाल्यावर त्यांची स्कूटर विकली. सासूबाई गेल्या. मामाजी अंगणातल्या खुर्चीत बसून येणाऱ्याजाणाऱ्याला गाडी किती देते ते विचारत राहिले, आणि त्यांची पान्यांची पिशवी खुर्चीखाली पडून राहिली. कुणाची चेन सैल असेल, कुणाचा आरसा हलत असेल, तर लोक अजून त्यांच्याकडे येत. त्यातच त्यांचा दिवस जात असे.

मी शहराबाहेर बीरगावला शाळेत शिकवते. रोज स्कूटरनं जायचं आणि यायचं. संध्याकाळी आले की मी आणि मामाजी अंगणात चहा पीत बसायचो. सासूबाई असताना बोलायचं काम त्यांच्याकडे होतं. त्या गेल्यावर आम्ही दोघं कपात बघत बसायचो. मग मीच काहीतरी गाडीचं काढायची, कारण दुसऱ्या कशालाही ते "हं" यापलीकडे उत्तर देत नसत. एका संध्याकाळी मी लिटरमागचा आकडा सांगून अशीच म्हणाले, "मामाजी, गाडी कमी देऊन राहिली हो आजकाल."

त्यांनी कप खाली ठेवला. "चढावर दमते का?"

"थोडी दमते," मी म्हणाले. दमत होती की नव्हती, देव जाणे. त्या दिवसांत अर्धा रस्ता खोदून ठेवलेला होता आणि गाडीपेक्षा मीच जास्त दमत होते. पण मामाजी त्यानंतर बराच वेळ माझ्या गाडीकडे पाहत राहिले आणि मला बरं वाटलं, विषय त्यांना आवडला म्हणून.

होळी चार दिवसांवर आली होती, हे माझ्या डोक्यातही नव्हतं.

धुळवडीच्या सकाळी मी स्वयंपाकघरात भजी तळत होते. अंगणातून पान्याचा आवाज आला, वाटलं मामाजी नळ कसत असतील. आमचे हे मित्रांकडे रंग खेळायला गेलेले. थोड्या वेळानं आमची मुलगी धावत आली. तिला मराठी सगळं कळतं, पण तोंडातून हिंदीच येतं. "मम्मी, दादाजी आपकी गाड़ी का साइलेंसर निकालकर ले गए! होली में डाल रहे हैं!"

मी गॅस बंद करून पिठाच्या हातानंच चौकात पळाले. मामाजी निखाऱ्यांपाशी उकिडवे बसले होते. भोवती गल्लीतली म्हातारी मंडळी, सगळ्यांचे चेहरे उजळलेले. इतक्या वर्षांनी आपली जुनी होळी परत आली, याचा आनंद त्यांना लपवता येत नव्हता. तरुण मंडळी मोबाइलवर चित्रण करत होती. आणि निखाऱ्यांत माझा सायलेन्सर लाल होत होता.

मला पाहून मामाजी हसले. सासूबाई गेल्यानंतर मी त्यांना तसं हसताना पाहिलं नव्हतं. "पाह्य आता," ते म्हणाले. "गाडी पहिल्यासारखी देईन."

आता सांगा, त्या हसण्यापुढे मी काय बोलणार होते? तोवर जे व्हायचं ते होऊनही गेलं होतं. त्यांनी सायलेन्सर बाहेर ओढला, शिपका मारला. चर्र झालं. मोगरी नव्हती, म्हणून एका लाकडानं ठोकला. काजळी पडली नाही. त्यांनी उलटा करून पुन्हा ठोकला. मग आतून राखाडी रंगाचे तुकडे पडले, बारीक बारीक छिद्रांचे, मधमाश्यांच्या पोळ्याचे असावेत तसे. सगळे वाकून पाहायला लागले. मामाजींनी एक तुकडा तळहातावर घेतला आणि ते त्याच्याकडे पाहतच राहिले. हसू कधी गेलं ते मला दिसलं नाही.

गाडी पाहायला बोलावलेल्या मेकॅनिकनं सगळ्यांसमोर ओरडूनच सांगितलं. नव्या गाडीच्या सायलेन्सरमध्ये धूर साफ करणारी जाळी असते, ती पाण्यानं तडकली. नळीवर एक सेन्सर असतो, तो इंजिनाला सांगतो की पेट्रोल किती द्यायचं, तो जळून गेला. मामाजींनी त्याची वायर हॉर्नची समजून उपसून ठेवली होती. आता सायलेन्सरही नवा लागणार आणि सेन्सरही. आणि सायलेन्सर नीट पाहून घ्या, मेकॅनिक म्हणाला, नाहीतर गाडी पेट्रोल पीत बसेल.

आमचे हे रंगानं माखलेले घरी आले आणि ऐकून भडकले. "बाबा, कोणं सांगितलं होतं तुम्हाले? एकडाव विचारायचं त होतं!" तसं त्यांचं काही चुकीचं नव्हतं. पण दार उघडं होतं आणि गल्ली ऐकत होती. संध्याकाळी मामाजींनी खुर्चीखालची पान्यांची पिशवी काढली, तिचं तोंड सुतळीनं बांधलं आणि माझ्यासमोर ठेवली. "कबाडीवाला आला का देऊन टाकजो."

मी ती तांदळाच्या कोठीमागे लपवून ठेवली.

त्यानंतर मामाजींनी अंगणातली खुर्ची सोडली. आतल्या खोलीत पलंगावर बसून राहायचे. शेजारचा एक जण मुद्दाम नवी मोटारसायकल दाखवायला घेऊन आला. मामाजी दारापर्यंत आले, "बैठो" म्हणाले आणि परत आत गेले. गाडी किती देते ते विचारलं नाही. मला त्या दिवशी भीती वाटली. गाडी काय, आज ना उद्या दुरुस्त होणारच होती. पण ऐंशी पार केलेला माणूस एकदा असा कोपऱ्यात जाऊन बसला की घरातले हळूहळू त्याला तिथंच जेवण नेऊन द्यायला लागतात, आणि मग तो तिथलाच होतो. मी माझ्या माहेरी पाहिलेलं आहे. मामाजींनी पुन्हा पाना हातात घ्यावा, एवढंच मला हवं होतं, आणि सायलेन्सरशिवाय दुसरं निमित्त माझ्याकडे नव्हतं.

"बाजारातला कोणताही टाक," आमचे हे म्हणाले. "शेवटी नळीच आहे ते. आवाज दाबला का झालं."

"मामाजी निवडतील," मी म्हणाले. ह्यांनी माझ्याकडे असं पाहिलं की जणू मी दुसराही सायलेन्सर होळीत घालायला निघाले आहे.

मामाजी तयार होईनात. "मले काय समजते आता?"

"मग दुकानदार मले काहीपण गळ्यात मारन. चालन तुम्हाले?" मी म्हणाले. त्यांनी उठून सदरा बदलला. आम्ही ऑटो केला आणि बूढापाऱ्यातल्या स्पेअर पार्टच्या दुकानात गेलो.

दुकानदारानं आधी एक जाडजूड चकचकीत सायलेन्सर काढला. त्याच्यावर थाप मारून म्हणाला, "दीदी, ये लगाओ. पिकअप भी बढ़ेगा, और पूरा मोहल्ला जानेगा कि मैडम आ गईं।"

"भैया, मुझे स्कूल जाना है, बारात में नहीं," मी म्हणाले.

मग त्यानं दुसरा काढला, हुबेहूब माझ्या गाडीच्या सायलेन्सरसारखा, पण हलका. "सेम टू सेम, दीदी।" तिसरा कंपनीचा असली. तो मागवावा लागणार होता, आठवडाभर थांबावं लागणार होतं आणि भाव ऐकून मी पदर सावरला.

"अॅव्हरेज किसमें अच्छा रहेगा?" मी विचारलं.

"सब में सेम, दीदी।" ज्याला माहीत नसतं तो हेच सांगतो.

मामाजी इतका वेळ स्टुलावर गप्प बसले होते. त्यांनी हात पुढे केला. दुकानदारानं तो हलका सायलेन्सर त्यांना दिला. मामाजींनी तो हातावर तोलला, उलटा केला, आत डोकावले, आणि मग नळी तोंडाला लावून फुंकर मारली. भर दुकानात. हवा सुसाट आरपार गेली. त्यांचे डोळे क्षणभर जुन्या धुळवडीसारखे चमकले. त्यांनी पुन्हा एकदा फुंकलं. मग सायलेन्सर मांडीवर ठेवून ते खाली पाहत म्हणाले, "मले हा बेस वाटते. एकदम मोकळा आहे."

मी पर्स उघडणारच होते.

"म्हणून हा नको घेऊ," ते म्हणाले.

मी पर्सवरचा हात काढला. "क्या बोले दादाजी?" दुकानदारानं विचारलं. "एक मिनट, भैया," मी म्हणाले. उभ्या आयुष्यात ज्या एका गोष्टीत या माणसाचा शब्द कुणी खाली पडू दिला नाही, त्या गोष्टीत तो आता स्वतःच्या मताच्या बरोबर उलट जायला निघाला होता.

मी त्यांच्या शेजारी पायरीवर बसले. "काहून नको, मामाजी?"

"मले जे बराबर वाटते ते जुन्या गाडीचं आहे. ह्या गाडीचं मले नाही समजत."

"मग विचारू ना आपण. विचाराले काय लागते?"

मेकॅनिकनं त्या दिवशी ओरडून सांगितलेलं एकूण एक वाक्य मामाजींच्या लक्षात होतं, हे मला तेव्हा कळलं. ते दुकानदाराला म्हणाले, "इसमें वो जाली है का?"

"जाली तो नहीं है, दादाजी। कौन देखता है?"

"और सेन्सर कहाँ बैठेगा?"

दुकानदारानं सायलेन्सर फिरवून फिरवून पाहिला. सेन्सरची जागाच नव्हती. "उसको बाँध देते हैं ऊपर। सब चला रहे हैं।"

"फिर इंजन को मालूम कैसे पड़ेगा, पेट्रोल कितना देना?"

दुकानदार हसला आणि मागच्या गिऱ्हाइकाकडे वळला. मामाजी माझ्याकडे वळून हळूच म्हणाले, "असली मागव." आम्ही असली मागवला, सेन्सरसकट. घरी येताना ऑटोत मी फार खूश होते. मामाजी मात्र बाहेर पाहत बसले होते.

आठवडाभर मी शेअर ऑटोनं बीरगावला गेले. उन्हाचे दिवस सुरू झाले होते. मी निघाले की मामाजी खिडकीत दिसायचे आणि मी हात केला की बाजूला व्हायचे.

खोकं आलं तेव्हा दुकानदार म्हणाला की त्याचा माणूस बसवून देईल. मी नको म्हणाले आणि ते घरी घेऊन आले. शनिवारची दुपार होती, माझी शाळा अर्धा दिवस, आमचे हे ऑफिसात. तांदळाच्या कोठीमागची पिशवी काढून मी मामाजींसमोर ठेवली. "बसवा."

त्यांनी पिशवीकडे पाहिलं. "मी नाही."

"गाडी माही आहे. मी दुसऱ्या कोणाले हात लावू देणार नाही."

"पुन्हा बिघडली त?"

"त पुन्हा जाऊ दोघं दुकानात. मले तो दुकानदार आवडला."

त्यांच्या मिशा जराशा हलल्या. ते अंगणात आले.

पण ते बसवणं मला आठवलं की अजूनही वाईट वाटतं. प्रत्येक गोष्ट ते मला विचारून करत होते. "हा बोल्ट लावू?" लावा. "आता कसू?" कसा, मामाजी. सासूबाईंना ज्यांनी कधी भाजी काय आणू ते विचारलं नाही, ते मला बोल्ट विचारत होते. जोडावर एक पातळ कडी बसते, गॅस्केट. ती जुनीच लावायची त्यांची आयुष्यभराची सवय. हातात जुनी घेतली, लावली, माझ्याकडे पाहिलं आणि आपणहून काढून खोक्यातली नवी लावली. जोडातून हवा शिरली तर सेन्सरचा हिशेब चुकतो, असं खोक्यावरच्या कागदात होतं, ते मी त्यांना वाचून दाखवलं होतं. सेन्सरची वेळ आली तेव्हा त्यांनी हात मागे घेतले. "तू लाव. तुह्या हातानं लाव."

मी लावला. गाडी एका बटनात सुरू झाली. धोक्याचा दिवा लागला नाही. आवाज मऊ, पहिल्यासारखा. मी मोठ्यानं टाळी वाजवली. मामाजी "हं" म्हणाले, हात धुतले आणि आत गेले. पिशवी तिथंच अंगणात राहिली.

मला वाटलं होतं, गाडी सुरू झाली की मामाजीही सुरू होतील. दुसऱ्या दिवशी सकाळी तेच माझ्याकडे आले. "अॅव्हरेज पाहावं लागन. टाकी फुल करून. त्याच्याशिवाय कसं समजन का नुकसान झालं का नाही?" जरा थांबून म्हणाले, "अॅव्हरेज कमी आलं त ती पिशवी खरंच देऊन टाकजो. अन् मले गाडीचं काही विचारत नको जाऊ."

टाकी फुल झाली की नाही ते त्यांना स्वतःच्या डोळ्यांनी पाहायचं होतं, पंपवाल्यांवर त्यांचा काडीचा विश्वास नव्हता. म्हणजे माझ्या मागे बसून पंपावर यावं लागणार. सुनेच्या गाडीवर सासरा मागे बसतो, हे आमच्या गल्लीनं तोवर पाहिलेलं नव्हतं आणि मामाजींनीही. त्यांनी आमच्या दोघांच्या मध्ये बाजाराची पिशवी ठेवली, मागची दांडी घट्ट धरली आणि मान दुसरीकडे वळवून बसले. समोरच्या काकू पदर तोंडाला लावून हसल्या. पंपावर मामाजींनी टाकीत डोकावून पेट्रोल कुठवर आलं ते पाहून ठेवलं.

पुढे आठवडाभर मी नेहमीसारखी बीरगावला जात-येत राहिले. पण अॅव्हरेज कमी आलं तर? बाटलीनं गुपचूप थोडं पेट्रोल ओतावं असाही विचार मनात आला. ओतलं नाही. त्यांना ते वासावरून कळलं असतं.

दुसऱ्यांदा टाकी भरायला गेलो तेव्हा संध्याकाळच्या गर्दीची वेळ होती. सिग्नल, खोदलेला रस्ता, ई-रिक्षा, मधेच बसलेल्या गायी, सगळं पार करत पंपावर पोचलो. त्याच खुणेपर्यंत टाकी भरली. मी बाजूला होऊन मोबाइलवर किलोमीटरला लिटरनं भागलं. आकडा पाहिला, पुन्हा भागलं. जेवढं आधी देत होती तेवढंच. ना कमी, ना जास्त. ज्या आकड्यावरून मी चहा पिताना कुरकुर केली होती, बरोबर तोच आकडा.

मी तो मामाजींना सांगितला. त्यांनी चष्मा काढला, सदऱ्याच्या टोकानं पुसला, परत घातला. मागची गाडी हॉर्न वाजवत होती.

"म्हणजे सायलेन्सर बराबर आहे," ते म्हणाले.

"हव."

"पहिलेचाही बराबरच होता."

"हव, मामाजी."

"मंग गाडीत काही नव्हतंच!" त्यांचा आवाज एकदम चढला. "तूच चालवत नाही बराबर! दोनदा मागं बसलो, पाहून राहिलो ना मी. सिग्नल लाल दिसते, तरी रेस देत जाते, अन् जवळ गेली का कचकन ब्रेक! रेस, ब्रेक. रेस, ब्रेक. असं चालवतात का गाडी? अन् चाकात हवा कवा पाहिली होती?"

मी कधीच पाहिली नव्हती.

"कवा पाहिली होती, सांग!"

पंपावरचे सगळे आमच्याकडे पाहायला लागले. इतकी वर्षं मी वर्गात पोरांना रागावत आले आहे, पण भर रस्त्यात असं मला कुणी झापलेलं नव्हतं. मी मान खाली घालून उभी होते आणि मला इतका आनंद झाला होता की रडू येत होतं. बोलू देत. आणखी बोलू देत. माझे मामाजी परत आले होते.

"चुकलं, मामाजी," मी म्हणाले.

"आधी हवा भर. मंग चाल. अन् मी सांगन तवा रेस सोडजो."

हवा भरली. निघालो. मधली बाजाराची पिशवी त्यांनी या वेळी हँडलला अडकवून दिली होती. थोडं पुढे गेल्यावर त्यांनी मागची दांडी सोडली आणि माझ्या खांद्यावर हात ठेवला, सूचना द्यायला सोपं जावं म्हणून. रेस सोडायची असली की दाबायचे. "आता सोड. येऊ दे तिले आपल्या अंगानं. ब्रेक नको... नको म्हटलं ना! हां. अशी." सायकलीसुद्धा आम्हाला मागे टाकून जात होत्या. ते माझ्या कानाशी एकसारखं बोलत होते, जेवढं सासूबाई गेल्यापासून एकूण बोलले नसतील तेवढं.

तात्यापाऱ्याचं वळण आलं. घर तिथून जवळच होतं. मी वळले नाही.

"इकडून काहून?" त्यांनी विचारलं.

मी ऐकू न आल्यासारखं केलं, आणि बूढा तालाबाला वळसा घालून, उगीच पेट्रोल जाळत, लांबच्या रस्त्यानं त्यांना घरी आणलं.